ओळ कुणाची? खतावणीपासून ग्रिडपर्यंतचा प्रवास

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत, तहाच्या अटीही नाहीत. आज आपण एका चौकटीचा इतिहास बघणार आहोत. ती तुम्ही रोज बघता. बँकेत काउंटरपलीकडच्या स्क्रीनवर, मेडिकलच्या बिलिंगमध्ये, कॉलेजच्या ऑफिसात फी भरताना. आडव्या ओळी, उभे रकाने आणि मध्ये घरं. सॉफ्टवेअर लिहिणारे तिला ग्रिड म्हणतात.

सुरुवात मात्र माझ्या एका चुकीपासून करू.

साल २००३. मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रोजेक्ट करायचाच आहे तर खराखुरा करू, म्हणून करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा हिशेब कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मंडळींना दूध संस्था काय असते ते सांगायला नको. सकाळ-संध्याकाळ रांग, प्रत्येकाच्या हातात किटली, लिटर मोजायचं, फॅट काढायची, आणि दर दहा दिवसांनी बिल. त्या बिलातून पेंडीच्या पोत्याचे पैसे कापायचे, उचल घेतली असेल तर ती कापायची, आणि उरलेले हातात द्यायचे.

मी व्हिज्युअल बेसिक सिक्समध्ये एक फॉर्म केला आणि त्यावर मोठी ग्रिड टाकली. सभासद क्रमांक, नाव, लिटर, फॅट, रक्कम, कपात, निव्वळ देय. सगळी यादी क्रमांकाप्रमाणं. सचिव काका बघून खूश झाले, पण म्हणाले, "बाळ, माणसं नावानं विचारत येतात. यादी नावाप्रमाणं लाव की."

मला वाटलं, एवढंच ना? एक ओळ कोड लिहिली. बटण दाबलं की यादी नावाप्रमाणं लागायला लागली. काकांनी पेंडीची कपात भरली, सेव्ह केलं, बिलं छापली.

दुसऱ्या दिवशी एक मावशी संस्थेत आल्या. हातात दुधाचं कार्ड आणि माझं छापलेलं बिल. त्या म्हणाल्या, "म्या पोतं न्हेलंच न्हाई बाळा. कापलंस कशाचं?"

एक म्हैस, दहा दिवसांचं दूध, आणि त्यातून एका पोत्याचे पैसे गेलेले. तपासलं तर कळलं की पेंड नेलेल्या अकरा जणांची कपात भलत्याच अकरा जणांच्या नावावर पडली होती. सचिव काकांनी कागदी रजिस्टर बंद केलं नव्हतं, म्हणून वाचलो. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे पैसे परत केले. पण मावशींचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून आजही गेलेला नाही.

झालं काय होतं? मी प्रोग्रॅममध्ये असं धरून चाललो होतो की स्क्रीनवरची पाचवी ओळ म्हणजे डेटाबेसमधला पाचवा सभासद. यादी क्रमांकाप्रमाणं होती तोवर ते बरोबर होतं. नावाप्रमाणं लावली आणि पाचव्या ओळीवर दुसराच माणूस येऊन बसला. माझा कोड मात्र अजून जुन्याच माणसाच्या खात्यावर लिहीत होता.

स्क्रीनवर दिसणारी ओळ वेगळी आणि त्या ओळीमागचा माणूस वेगळा. या दोघांतला धागा तुटू न देणं, एवढंच ग्रिडचं खरं काम. तिचा इतिहासही याच धाग्याचा आहे. चला, मागे जाऊ.

घड्यांचे रकाने

कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे ग्रिड होती. लाल कापडी बांधणीची लांबट चोपडी तुम्ही लक्ष्मीपूजनाच्या दिवशी एखाद्या जुन्या दुकानात पाहिली असेल. देशी जमाखर्चाच्या या वह्यांत छापील रेषा नसत. कागदाला उभ्या घड्या पाडत, आणि त्या घड्यांमुळे जे पट्टे पडत तेच रकाने. डावीकडे जमा, उजवीकडे नावे.

हिशेब दोन ठिकाणी लिहिला जाई. आधी रोजकीर्दीत, तारखेच्या क्रमानं. मग तोच व्यवहार खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर. म्हणजे एकच गोष्ट दोन क्रमांनी लावलेली. एकदा दिवसाप्रमाणं, एकदा माणसाप्रमाणं.

आता मला सांगा, रोजकीर्दीतली नोंद खतावणीत नेमक्या कुणाच्या खात्यावर गेली, हे कसं कळायचं? त्यासाठी एक बारीकसा रकाना असे. खाते पान, थोडक्यात खा. पा. तिथं खतावणीच्या पानाचा आकडा लिहायचा. नोंद कुठल्याही ओळीवर असो, खाते पान तिला माणसापर्यंत नेऊन पोचवायचं. मी २००३ मध्ये जे विसरलो, ते दिवाणजींना शेकडो वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

कोल्हापुरात याचं उदाहरण म्हणजे शाहूपुरीची गुळाची पेठ. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात वसलेली ही व्यापारी पेठ. गुऱ्हाळावरून गुळाचे रवे यायचे, सौदा निघायचा, आणि अडत्या शेतकऱ्याला पट्टी द्यायचा. रवे किती, वजन किती, दर काय, त्यातून अडत, हमाली, तोलाई वजा जाता उरले किती. लक्षात घ्या, शेतकऱ्याला अख्खी खतावणी कधीच दिसत नसे. त्याच्या हातात यायची ती खतावणीतली फक्त त्याची ओळ, म्हणजेच पट्टी. ही पट्टी डोक्यात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

फळ्यावरचा तक्ता

आता थेट अमेरिकेत जाऊ. १९७८. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या वर्गात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी बसलाय. प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचा मोठा तक्ता काढतात. एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसायचे, परत लिहायचे. ब्रिकलिनच्या मनात आलं की हा फळा जादूचा असता तर? एक घर बदललं की बाकीची आपोआप बदलली तर?

बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर त्यानं तो फळा खरोखर केला. १९७९ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरवर व्हिसिकॅल्क आलं. ६३ रकाने आणि २५४ ओळी. आजच्या एक्सेलमधल्या दहा लाखांहून जास्त ओळींपुढे हे किरकोळ वाटेल, पण स्क्रीनवर घरांची चौकट आणि प्रत्येक घराला पत्ता, हे लोकांनी पहिल्यांदा तिथं पाहिलं.

ऑफिसातल्या कामाला मात्र हा तक्ता पुरेसा नव्हता. सभासदांची यादी, मालाची नोंद, पगारपत्रक यांना डेटाबेस लागतो. १९८०च्या दशकात डीबेस आणि त्यामागून फॉक्सप्रो आलं. भारतात या दोघांनी किती ऑफिसं चालवली याला गणती नाही. पतसंस्था, साखर कारखाने, वाहनांचे शोरूम, सगळीकडे काळ्या किंवा निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. त्यात एक आज्ञा होती, ब्राउज. ती टाइप केली की पूर्ण फाइल ओळी-रकान्यांत समोर उलगडायची. बाण दाबत हवं ते घर गाठायचं, आकडा बदलायचा आणि पुढं जायचं.

ब्राउजमध्ये एक मोठी सोय होती. समोरची ओळ आणि फाइलमधली नोंद एकमेकांना घट्ट बांधलेल्या असत. यादी कशीही लावा, तुम्ही ज्या ओळीत लिहाल तीच नोंद बदलायची. धोकाही तिथंच होता. ब्राउज उघडून ज्याला बसता येई, त्याला कुठलाही आकडा बदलता येई, आणि आधी काय होतं याचा मागमूस उरत नसे. कागदावर खाडाखोड तरी दिसते.

विकत मिळणारी चौकट

मे १९९१. मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल बेसिक बाजारात आणलं. त्याच्या मुळाशी ॲलन कूपर यांचं काम होतं. त्यांनी केलेला एक नमुना मायक्रोसॉफ्टनं १९८८ मध्ये विकत घेतला होता. कल्पना साधी होती. खिडकी म्हणजे कोरा कागद, बाजूला बटणं, चौकोन, याद्या मांडलेल्या. हवी ती वस्तू उचला, कागदावर ठेवा, आणि तिच्यावर क्लिक झालं की काय करायचं तेवढंच लिहा.

या वस्तूंना कंपोनंट म्हणतात. दुसऱ्या कंपन्यांनाही असे कंपोनंट बनवून विकता येत होते, आणि त्यातून एक नवा धंदाच उभा राहिला. बटण कोण विकत घेणार? ग्रिड मात्र सगळ्यांना हवी होती. स्वतः मायक्रोसॉफ्टनंही ती बाहेरून आणली. १९९५च्या चौथ्या आवृत्तीतली डीबीग्रिड ॲपेक्स सॉफ्टवेअर या कंपनीची होती, आणि १९९७च्या पाचव्या आवृत्तीतली एमएस फ्लेक्सग्रिड व्हिडिओसॉफ्टची. त्याच १९९५ मध्ये बोरलँडनं डेल्फाय आणलं, तेही स्वतःची डीबीग्रिड घेऊन.

या दोन प्रकारच्या ग्रिडांत फरक काय, ते थोडं समजून घेऊ, कारण माझी चूक बरोबर तिथं दडली होती.

डीबीग्रिड ही बांधलेली ग्रिड. तिला डेटाबेस जोडून दिला की ती प्रत्येक ओळीसाठी मूळ नोंदीची खूण जवळ ठेवते. त्या खुणेचं नाव बुकमार्क. आपल्या खाते पानाचा हा लांबचा नातेवाईकच म्हणा.

फ्लेक्सग्रिड दिसायला देखणी. घरं एकत्र करता यायची, रंग देता यायचे, यादी झटकन लावता यायची. पण तिच्या घरात नुसता वरवरचा मजकूर असे. तो कुठून आला, कुणाचा आहे, हे तिला माहीत नसे. आणि गंमत म्हणजे तिच्या घरात थेट टाइपही करता येत नसे!

मग आम्ही काय करायचो? एक टेक्स्टबॉक्स लपवून ठेवायचा. वापरणाऱ्यानं घर निवडलं की त्या घराची डावी बाजू, वरची बाजू, रुंदी, उंची विचारून टेक्स्टबॉक्स नेमका त्यावर नेऊन बसवायचा. माणसाला वाटायचं आपण ग्रिडमध्येच लिहितोय. एंटर दाबला की मजकूर खालच्या घरात ओतायचा आणि टेक्स्टबॉक्स परत लपवायचा. राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ही युक्ती एकमेकांना अशी सांगितली जायची, जशी पैलवान तालमीत डाव सांगतात.

एंटरचीही एक कथाच आहे. फॉक्सप्रोवर हात बसलेल्या क्लार्कला एंटर दाबला की शेजारच्या घरात जायची सवय. फॅट भरली, एंटर, लिटर भरलं, एंटर. नजर रजिस्टरवर, बोटं आकड्यांच्या कीपॅडवर, स्क्रीनकडे बघायची गरजच नाही. पुढच्या काळातल्या बऱ्याच ग्रिडांत एंटर दाबला की खालच्या ओळीत उडी. म्हणजे एका सभासदाची फॅट दुसऱ्याच्या नावापुढं! कितीतरी प्रोग्रॅमरांनी आयुष्यातला पहिला जादा कोड लिहिला तो हा एंटर उजवीकडे वळवायला. इथंही प्रश्न तोच. ओळ कुणाची?

नाव बसेना

आकडे बसले. आता सचिव काका म्हणाले, "नावं मराठीत कर. इंग्रजीत कोण वाचणार हितं?"

आणि मी खरोखरच्या अडचणीत सापडलो.

योगायोग बघा. व्हिज्युअल बेसिक आलं मे १९९१ मध्ये, आणि जगातल्या सगळ्या लिप्यांना एकेक कायमचा आकडा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली ऑक्टोबर १९९१ मध्ये. देवनागरी त्यात पहिल्यापासून होती. तिची मांडणी इस्की या भारतीय मानकाच्या आधारानं केलेली. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकनं जिस्ट कार्ड आणलं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात ते कार्ड बसवलं की डॉसच्या पडद्यावर मराठी दिसायची. म्हणजे मराठीसाठी कुणी काही केलं नव्हतं असं नाही.

पण व्हीबी-सिक्सची गोष्ट विचित्र होती. पोटात ते मजकूर युनिकोडमध्ये ठेवायचं, पण स्क्रीनवर दाखवताना त्याची बटणं, टेक्स्टबॉक्स आणि ग्रिड जुन्या आन्सी पद्धतीनं चालायच्या. आन्सीत विंडोजनं रशियनला जागा दिली होती, ग्रीकला, अरबीला, थाईला दिली होती. देवनागरीला नव्हती. डेटाबेसमध्ये युनिकोडमध्ये नीट लिहिलेलं नाव ग्रिडमध्ये यायचं ते प्रश्नचिन्हांच्या माळेसारखं. पाच अक्षरं, पाच प्रश्नचिन्हं.

मग सगळ्यांनी धरली ती आडवाट. असा फॉन्ट वापरायचा, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. कॉम्प्युटरला वाटायचं इंग्रजी अक्षर आहे, माणसाला दिसायचं मराठी. डीटीपीवाल्यांची पत्रिका-पोस्टरं यावरच चालायची. स्क्रीनवर सगळं झकास, आणि खाली साठवलेलं भलतंच.

त्याची किंमत यादी लावताना कळायची. या फॉन्टांत ऱ्हस्व इकार जसा दिसतो तसाच, म्हणजे अक्षराच्या आधी साठवला जाई. त्यामुळे शिवाजी, विठ्ठल, निवृत्ती आणि हिंदूराव यांची नावं कॉम्प्युटरच्या लेखी एकाच अक्षरानं सुरू व्हायची. चौघेही एका गटात! श च्या जागी शिवाजी नाही, व च्या जागी विठ्ठल नाही. सचिव काका शोधून शोधून दमायचे आणि शेवटी म्हणायचे, "क्रमांकच बरा होता की रं."

आणि फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल नेली, तर अख्ख्या गावाची नावं इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यात बदललेली दिसायची. माणूस तोच, खातं तेच, पैसे तेच. फक्त नाव वाचता येत नाही.

विंडोज २००० पासून विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली, मंगल फॉन्ट आला. २००२ मध्ये डॉटनेटची पहिली आवृत्ती आली. तिच्या ग्रिडला युनिकोड मराठी पचायला लागली. पण तोवर कित्येक संस्थांची वर्षानुवर्षांची नावं फॉन्टच्या आडवाटेनं साठवून झाली होती. ती युनिकोडमध्ये आणायची म्हणजे प्रत्येक तुकडा ओळखायचा, इकार उचलून अक्षरामागं न्यायचा, रफार योग्य जागी ठेवायचा. असं रूपांतर करणारे प्रोग्रॅम लोकांनी लिहिले, पण शेवटी कुणीतरी बसून प्रत्येक नाव डोळ्यांखालून घालावंच लागतं. एखादा पाटील पटील झाला तर मशीनला काय त्याचं?

दिसतं तेवढंच

डॉटनेटच्या पहिल्या ग्रिडचं नाव डेटाग्रिड. २००५ मध्ये डॉटनेटच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर डेटाग्रिडव्ह्यू आली. आजही विंडोजवरची असंख्य बिलिंग सॉफ्टवेअर तिच्यावर चालतात. तिच्यातली एक कल्पना मला फार आवडते.

आधी अडचण सांगतो. फ्लेक्सग्रिडमध्ये साधारण साडेतीन लाख घरं झाली की ती हात टेकायची, मेमरी पुरत नाही म्हणायची. साडेतीन लाख ऐकायला खूप वाटतात. पण समजा एखाद्या संस्थेचे २०,००० सभासद आहेत आणि प्रत्येकाचे १८ रकाने. झाले की ३,६०,०००!

डेटाग्रिडव्ह्यूमध्ये यावर एक उपाय आला, व्हर्च्युअल मोड. म्हणजे काय? ग्रिडला फक्त सांगायचं की ओळी २०,००० आहेत. आत काहीच भरायचं नाही. ग्रिड स्क्रीनवर दिसणाऱ्या ओळींपुरतंच विचारत बसते. या ओळीत, या रकान्यात काय आहे? आपण उत्तर द्यायचं. वापरणारा खाली सरकला की पुढच्या ओळींचं विचारते. दिवाणजी अख्खी खतावणी काही पाठ करत नसत. तुम्ही समोर आलात की तुमचं पान उघडत.

तुमच्या हातातल्या फोनवरही हेच चालतं. २०१४ मध्ये अँड्रॉइडमध्ये रिसायक्लरव्ह्यू नावाचा कंपोनंट आला. तुम्ही हजार चॅटची यादी अंगठ्यानं भराभर सरकवता, तेव्हा हजार ओळी बनलेल्या नसतात. वरून गेलेली ओळच पुसून, नवा मजकूर भरून खालून परत येते. ओळींची ताटं मोजकीच, पंगती मात्र उठतच राहतात.

इथं माझी जुनी चूक नव्या कपड्यांत परत येते. रिसायकल केलेल्या ओळीतला जुना फोटो पुसायचा राहिला तर एका माणसाच्या नावापुढं दुसऱ्याचा फोटो दिसतो. यादी सरकवली आणि टिक केलेला चौकोन भलत्याच नावापुढं गेला, हे अँड्रॉइड शिकणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी भेटतं. डेटाग्रिडव्ह्यूमध्येही तेच. रकान्याच्या डोक्यावर क्लिक करून यादी लावली आणि नंतर स्क्रीनवरच्या ओळीचा क्रमांक घेऊन मूळ टेबलात घुसलात की दुसऱ्याच्या खात्यावर कपात पडलीच समजा.

वारणेची पट्टी

आता शेवटचा मुक्काम, आपल्याच जिल्ह्यात. वारणानगर.

तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी पसाऱ्यात साखर कारखाना मध्यभागी. १९९८ मध्ये तिथं वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार, एनआयसी आणि वारणा समूह, सगळे त्यात होते. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांना कॉम्प्युटर केंद्रांनी जोडायचं. शेतकऱ्याला गावातच ऊसाची माहिती, बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी सेवा मिळाव्यात असं स्वप्न होतं. त्या काळात देशभर या प्रकल्पाचं नाव झालं.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरमधल्या संशोधकांनी येऊन पाहिलं की या केंद्रांवर प्रत्यक्षात होतं काय. कॉम्प्युटर मुख्यतः साखर कारखान्याच्याच कामाला लागले होते. ऊस किती टन गेला, तोडणीची परवानगी कधी, खत किती घेतलं, बिल किती. शेतकरी केंद्रावर यायचा, केंद्रचालकाला विचारायचा, आणि तो स्क्रीनवर बघून सांगायचा किंवा कागद छापून द्यायचा.

म्हणजे शेतकऱ्याला स्क्रीनवरचा तक्ता नकोच होता. त्याला हवी होती फक्त त्याची ओळ.

मग त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. वारणा अनवायर्ड. कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस. कॉम्प्युटरवर होणारी सगळी कामं फोनवर झाली, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना ते जास्त सोयीचं वाटलं. सगळीकडे राबवलं तर संस्थेचे वर्षाला दहा लाख रुपयांच्या आसपास वाचतील असा त्यांचा अंदाज होता.

शाहूपुरीतली पट्टी आठवते? अख्खी खतावणी पेढीवर, आणि शेतकऱ्याच्या हातात फक्त त्याची ओळ. एसएमएस म्हणजे तीच पट्टी, खिशात आलेली. पण अर्धीच गोष्ट सांगून थांबत नाही. हातात ओळ येणं चांगलंच, पण ती कुठून आली, कशी बनली, मध्ये कुणी काही बदललं का, हे त्या एका ओळीवरून कळत नाही. केंद्रावर जाऊन निदान चालकाशी वाद तरी घालता येई. एसएमएसशी कुणाचा वाद घालणार?

म्हणून जबाबदारी येते ती तुमच्यासारख्यांवर. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण आज इंजिनिअरिंगला आहेत, कुणी गावातल्या पतसंस्थेचं ॲप करतंय, कुणी काकांच्या दुकानाचं बिलिंग.

माझी चूक मी अशी दुरुस्त केली. ग्रिडमध्ये सगळ्यात डावीकडे आणखी एक रकाना घातला, त्यात सभासद क्रमांक ठेवला, आणि त्याची रुंदी शून्य केली. दिसत नाही, पण ओळ कुठंही गेली तरी तो तिच्याबरोबर जातो. सेव्ह करताना ओळ कितवी हे बघायचंच नाही, तो लपलेला क्रमांक बघायचा. त्या दिवशी मला कळलं की मी काही नवीन शोधलं नव्हतं. दिवाणजींचं खाते पानच परत घातलं होतं.

नवी बिलं छापून झाल्यावर मी ती मावशींना दाखवायला नेली. त्यांनी बिलाकडं पाहिलंच नाही. कनवटीची चंची सोडून दुधाचं कार्ड काढलं आणि एकेक दिवस बोटानं दाखवत म्हणाल्या, "वाच." मी वाचत गेलो, त्या मान हलवत गेल्या. दहाव्या दिवशी बेरीज जुळली तेव्हा म्हणाल्या, "हां. आता हाय बरोबर."

तेव्हापासून मी केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची तपासणी मी तशीच करतो. स्क्रीनवरचं नव्हे, समोरच्याच्या हातातलं कार्ड घेऊन.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरी जुनी चोपडी, पट्टी किंवा दुधाचं कार्ड असेल तर जरा उघडून बघा. रकाने मोजा, खाते पान सापडतंय का ते बघा. आणि आजी-आजोबांना विचारा, कधी हिशेब चुकला होता का आणि कसा पकडला. तुम्ही सांगाल तर त्यावरही एक भाग करू.

भेटू पुढच्या वेळी. तोवर, राम राम मंडळी!